न टोचणारी घोंगडी

गुरू-शिष्याची एक गोष्ट सांगतो. एकदा एक घोंगडीवाला स्वतःच्याच दारात उभा राहून, स्वतःच पाठवलेला माल स्वतःच परत घेत होता. 'एकदा' म्हटलं म्हणून फार जुना काळ समजू नका. राजे, अरण्य, आश्रम यांतलं इथे काही नाही. दारात कुरियरची गाडी उभी होती, गाडीवाला गठ्ठे उतरवत होता आणि घोंगडीवाला त्याच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करत होता. त्या दिवशी जेवढा माल गेला होता, त्याहून जास्त परत आला होता. गुरू-शिष्याची गोष्ट सांगतो म्हणालात आणि हे काय, असं कुणी विचारील. गुरू आहे, येतो पुढे. शिष्य हाच.

त्याचं नाव रेवण. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचं दुकान. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे फळी नाही, गादी नाही आणि गिऱ्हाईक तर नाहीच नाही, कारण गिऱ्हाईक सगळं इंटरनेटवर. एका मोठ्या विक्री-कंपनीच्या संकेतस्थळावर रेवणच्या घोंगड्या झळकायच्या. छायाचित्र तर असं देखणं, की बघत राहावं. वेताच्या खुर्चीत एक मुलगी बसली आहे, हातात कॉफीचा पेला, मांडीवर घोंगडी, आणि खाली मजकूर: मऊ, उबदार, निसर्गाच्या कुशीतली. त्याच्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती: न आवडल्यास विनामूल्य परत.

आता घोंगडी ज्यांनी अंगावर घेतली आहे, ते यातला 'मऊ' हा शब्द वाचून गालात हसतील. ज्यांनी घेतली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. घोंगडी मेंढीच्या लोकरीची. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर ती हाताने विणायची. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावावी लागते. त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. तिला मेंढराचा वास येतो. उघड्या अंगाला ती टोचते, आणि चांगलीच टोचते. मग माणूस तिच्यावर बसतो, निजतो, तिला उन्हात टाकतो, पुन्हा निजतो, आणि हळूहळू ती मवाळ होते. एकदा मवाळ झाली की घेणारा म्हातारा होतो, पण घोंगडी काही विटत नाही. म्हणजे मऊपणा तिच्यात असतो, पण तो विकणाऱ्याने द्यायचा नसतो. तो घेणाऱ्याने वापरून मिळवायचा असतो. ही एवढी गोष्ट त्या छायाचित्राखाली मावली नाही, किंवा रेवणने मावू दिली नाही.

लोक आपले भोळे. कॉफीचा पेला बघून मागवायचे, गठ्ठा फोडायचे, गालाला लावून बघायचे आणि हात झटकायचे. परतीची कारणं ठरलेली. टोचते. वास येतो. कडक आहे. फोटोतली वेगळी होती. काही जण तर गठ्ठा न फोडताच दारातून परत पाठवायचे, कारण पैसे माल दारात आल्यावर द्यायचे होते आणि तोवर मन बदललं होतं. जाताना भाडं रेवणचं, येताना भाडं रेवणचं. आलेली घोंगडी झटकायची, उन्हात टाकायची, नव्या पिशवीत भरायची आणि पुन्हा पाठवायची, हेही रेवणचंच. एक घोंगडी विकून जे सुटायचं, ते दुसरीच्या येण्याजाण्यात खलास व्हायचं.

रेवण हातावर हात ठेवून बसला होता असं नाही. त्याने पहिल्यांदा किंमत वाढवली, म्हणजे परतीचं भाडं आधीच वसूल व्हावं. त्याने मागणी घटली, परती मात्र घटली नाही. मग त्याने परतीचं भाडं गिऱ्हाइकावर टाकलं. लोकांनी शिव्या घातल्या, शेऱ्यात पाचापैकी एकेक चांदणी देऊन मोकळे झाले, आणि चांदण्या कमी पडल्या म्हणून कंपनीने त्याचा माल पार शेवटच्या पानावर ढकलला. तो नियम गुपचूप मागे घ्यावा लागला. मग त्याने आणखी चांगला फोटोवाला बोलावला. फोटो जितका सुंदर, तितक्या घोंगड्या जास्त जायच्या आणि तितक्याच जास्त परत यायच्या. रेवणची बायको पद्मिनी एकदा म्हणाली, "अहो, त्या पोरीच्या मांडीवरची घोंगडी काढा आणि तिला एकदा पांघरायला सांगा. खुर्ची सोडून पळेल." रेवण हसला नाही. त्याचं हसणं कधीच आटलं होतं.

आणि मग त्याने ते केलं, जे कुठल्याही घोंगडीवाल्याने करू नये. चौकातल्या लाँड्रीत यंत्र आलं होतं. परत आलेल्या घोंगड्यांचा एक गठ्ठा उचलून रेवणने तिथे नेला आणि गरम पाण्यात, सुगंधी साबणात घालायला सांगितला. खळ निघून जाईल, वास जाईल, मऊ पडेल, झालं. पद्मिनीने वाट अडवली. "लोकर आहे ती. गरम पाण्यात आटते, हे मी तुम्हाला सांगायचं?" रेवणला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस टेकीला आला, की ठाऊक असलेलंच आधी विसरतो. यंत्रातून निघालेल्या घोंगड्या गोळा झाल्या होत्या. लांबीला उणावल्या, कडा वाकड्या झाल्या, आणि फुलांच्या वासाखालून मेंढरू डोकावतच होतं. रेवणने त्या ओढून-ताणून सरळ केल्या, इस्त्री फिरवली आणि पाठवल्या. त्या तर झाडून सगळ्या परत यायला लागल्या.

इथवर ही एका व्यापाऱ्याच्या नुकसानीची गोष्ट झाली, आणि नुकसान व्यापाऱ्याला नवं नसतं. रेवणच्या जिवाला जे लागलं होतं ते वेगळं होतं. त्याचं नाव गेनाप्पा.

गेनाप्पा माळवाडीचा विणकर. एके काळी त्या वाडीत घरटी माग होता. एकेक करून खड्डे बुजले, पोरं सूतगिरणीत, साखर कारखान्यात, ड्रायव्हरकीत गेली. उरला तो गेनाप्पाचा एकच माग, आणि तो चालत होता केवळ रेवणच्या भरवशावर. या धंद्यात एक रीत आहे. विणकर नवा ताणा स्वतःच्या मनाने लावत नाही. एक ताणा लावायचा म्हणजे लोकर घ्यायची, पिंजायची, कातायची, खळ शिजवायची, घरादाराने त्यात अडकायचं. म्हणून तो आधी व्यापाऱ्याला विचारतो, आणि व्यापारी 'लाव' म्हणाला की तो शब्द पक्का. गेनाप्पा दर खेपेला विचारायचा, "रेवणा, फुडचा ताणा लावू का?" आणि रेवण म्हणायचा, "लावा की मामा. पुण्यामुंबईकडं तुमच्या घोंगडीचं नाव निघतंय." गेनाप्पाचा चेहरा उजळायचा. रेवणने तर प्रत्येक घोंगडीला एक चिठ्ठी अडकवली होती, तिच्यावर छापलं होतं: विणकर गेनाप्पा, मुक्काम माळवाडी. लोकांना असलं आवडतं म्हणे. गेनाप्पाला तर फारच आवडलं होतं. त्याने एक चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवली होती.

परत आलेल्या घोंगड्यांनी रेवणची मागची खोली भरली होती, हे गेनाप्पाला ठाऊक नव्हतं. या खेपेला त्याने विचारलं तेव्हा रेवण म्हणाला, "मामा, जरा थांबा. दोन-चार दिवसांत सांगतो." गेनाप्पा थांबला. दोन-चार दिवस कधीच उलटून गेले.

शेवटी रेवणने एक घोंगडी पाठीला मारली आणि आपल्या गुरूकडे निघाला. गुरू म्हणजे मायाप्पा; रेवण त्याला आबा म्हणायचा. हा काही मठातला साधू नव्हे. सगळा जन्म त्याने बाजारोबाजार घोंगड्या विकल्या, आणि रेवण मिसरूड फुटण्याआधीपासून त्याच्या मागून ओझं वाहत हिंडला. माल कसा पारखावा, गिऱ्हाईक कसं ओळखावं, हे सगळं त्याच्याकडून शिकला. पुढे रेवणने इंटरनेटची वाट धरली आणि म्हाताऱ्याने धंदा सोडला. तो आता बिरोबाच्या देवळामागच्या आपल्या घरी, पडवीत बसून असे.

रेवण पोहोचला तेव्हा पडवीत आधीच पाहुणे होते. शहरातलं एक जोडपं मोटार घेऊन आलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं, की या म्हाताऱ्याकडे अस्सल घोंगडी मिळते. आणि एक होतीही, मायाप्पाकडे उरलेली शेवटची. रेवणने मनात म्हटलं, चला, आबांचं तरी काम झालं.

मायाप्पाने घोंगडी पडवीत अंथरली. मग त्या गृहस्थाला म्हणाला, "सायेब, सदरा काढा."

"काय?"

"सदरा काढा आन् पाठ टेका. बाई, तुम्ही तोवर च्या घ्या."

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. बिचाऱ्या गृहस्थाने संकोचत सदरा काढला आणि तो घोंगडीवर आडवा झाला. चहा निवेपर्यंत म्हाताऱ्याने त्याला उठू दिलं नाही. तो कुशी बदलत होता, पाठ खाजवत होता, आणि मायाप्पा शांतपणे सांगत होता, "टोचणारच. बरेच दिवस टोचंल. वास हाय त्यो मेंढराचा, हवा दमट झाली की आनिक येतो. साबण लावायचा न्हाई, गरम पाणी दावायचं न्हाई. घडी घालून ठेवलीसा, वापरली न्हाई, तर कसर लागंल. वापरलीसा तर तुमची नातवंडं निजतील हिच्यावर. बगा इचार करून."

गृहस्थ उठला, त्याने सदरा चढवला. बाई म्हणाल्या, "आपण नंतर कळवू." मोटार धुरळा उडवत निघून गेली. मायाप्पाने घोंगडी झटकली, घडी घातली आणि पुन्हा दांडीवर टाकली.

रेवणच्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर आपण असे कंगाल झालो, आणि ज्याच्याकडे युक्ती मागायला आलो तो दारी आलेली लक्ष्मी हाकलून देतो. "आबा, हे काय केलंत? घ्यायलाच आली होती ती माणसं. पैसे हातात होते त्यांच्या."

"व्हते खरं."

"मग घालवलीत का?"

म्हाताऱ्याने रेवणच्या पाठीवरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. रेवणने तो खाली ठेवला. त्या गठ्ठ्यावर जाताना-येताना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा थर साचला होता. मायाप्पाने चष्मा लावला आणि नखाने एकेक चिठ्ठी सोडवत गावांची नावं वाचू लागला. नाशिक. नागपूर. बंगळूर. पुन्हा नाशिक. सुरत. वाचून झाल्यावर त्याने घोंगडी बाहेर काढली, तिच्या पोटावरून हात फिरवला. कुठल्याच गावच्या माणसाच्या अंगाची खूण तिला लागली नव्हती. खळसुद्धा जिथल्या तिथे होती.

"लई मुलूख बगितला की हिनं," तो म्हणाला. "ह्यातल्या कुठल्या गावात हिच्यावर कुणी एक रात तरी निजलं का?"

रेवणची मान खाली गेली.

"आबा, येण्याजाण्याच्या भाड्याने मी मेलो. एवढीच युक्ती सांगा, की हे परतीचं भाडं कमी कसं करू."

मायाप्पा जे बोलला ते एवढंच. "रेवणा, तू बाजारात माझ्यासंगं हिंडलास. गिऱ्हाइकाच्या मानंला घोंगडी लावल्याबिगर मी कवा भाव सांगितला व्हता का? आदी टोचू द्यायची, मग भाव. इकताना जे बोलायचं, ते तू गिळलंस. मग ते बोलायला घोंगडीला लोकाच्या घरी जावं लागलं. तिनं जाऊन सांगितलं, बाबांनो, मी टोचते. आन् आली माघारी. तू ज्याला परतीचं भाडं म्हणतोस, ते घोंगडीचं न्हाई. ते तुझ्या न बोलण्याचं भाडं हाय. आत्ता तो सायेब माघारी गेला. माझी घोंगडी कुठं गेली न्हाई. माघारी जायचा खर्च त्याच्या मोटारीचा, माझा न्हाई."

रेवणला ते पटलं. पटलं म्हणूनच त्याचा जीव आणखी घाबरला. "पण आबा, असं सगळं आधी सांगितल्यावर घेणार कोण?"

"फार कुणी न्हाई घेणार."

"मग गेनाप्पाचा माग कसा चालायचा?"

मायाप्पाने चष्मा काढून पुसला. गोष्टींतले गुरू अशा वेळी काहीतरी देतात. कधी मंत्र, कधी अंगठी, निदान आशीर्वाद तरी. या म्हाताऱ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं आणि तसं तो बोलूनही गेला. "ते मला म्हाईत न्हाई. माग जगवायची इद्या माज्यापाशी असती, तर माजी पोरं ट्रक चालवत हिंडली नसती. मला एवढंच कळतं की फुकटचं येणंजाणं कशानं थांबतं. धंदा कशानं जगतो, ते कळत न्हाई." मग त्याने विचारलं, "गेनाप्पाला म्हाईत हाय का, माल माघारी येतोय म्हणून?"

रेवण बाहेर काढलेली घोंगडी पुन्हा गठ्ठ्यात भरू लागला.

"मग आदी त्याच्याकडं जा," म्हातारा म्हणाला. "तुजं ते इंटरनेटवरचं पान-बिन मागनं बदल."

रेवणने मान हलवली. पण गुरूचं ऐकणं आणि गुरूचं करणं, यांच्यामध्ये माणसाची लाज आडवी पडलेली असते. वाटेत माळवाडीचा फाटा लागला. रेवणची मोटारसायकल तिथे थांबली, आणि पुढे निघाली. रिकाम्या हाताने कसं जायचं? काय सांगायचं? तुमच्या घोंगडीचं नाव निघतंय म्हणत होतो ते खोटं, माझी मागची खोली तुमच्याच घोंगड्यांनी भरली आहे? त्यापेक्षा आधी पान नीट करू. खरं लिहून एक जरी मागणी आली, तर ती घेऊन जाऊ आणि मग सगळं सांगू. वाईट बातमीबरोबर चांगली नेली की ती पचते, असा त्याने स्वतःचा समज करून घेतला.

घरी येऊन त्याने वेताची खुर्ची आणि ती मुलगी काढून टाकली. पद्मिनीच्या हातावर घोंगडी घातलेला साधा फोटो लावला, हातावरच्या लाल पुरळासकट. खाली लिहिलं: ही घोंगडी टोचते. कित्येक दिवस टोचेल. मेंढराचा वास येतो. नवी असताना ताठ असते. यंत्रात धुतल्यास आटते, मी धुवून पाहिली आहे. वापरत राहिलात तर मऊ होईल आणि खूप वर्षं जाईल. वापरणार नसाल तर घेऊ नका.

पद्मिनीने वाचलं. "आता कुणी घेणारच नाही," ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "पण बरं लिहिलंत."

मागणी एकदम थांबली, नळ बंद केल्यासारखी. कुरियरची गाडी दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. परती बंद झाल्या, कारण जातच काही नव्हतं. रेवण सकाळ-संध्याकाळ फोनकडे बघत बसायचा. गेनाप्पाने एकदा फोन केला. रेवणने तो वाजू दिला आणि नंतर करतो म्हणून केला नाही. रोज मनात यायचं, आज जाऊ. रोज वाटायचं, एक मागणी येऊ दे. आठवडे असेच गेले. त्या दिवसांत तो जेवणावर बसायचा आणि अर्ध्यातून उठायचा. पद्मिनी म्हणायची, "एकदा जाऊन सांगून तरी या मामांना," आणि तो म्हणायचा, "जातो."

मग एके दिवशी फोन आला. दापोलीहून एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमचं ते सगळं वाचलं मी. माझ्या आजोबांकडे होती तशी, मी लहानपणी तिच्यावर निजायचे. टोचायची. तशीच हवी. अगदी नवी, ताठ असलेली. कुठे जाऊन आलेली नको." पैसेही त्यांनी लगोलग पाठवले.

रेवणच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठे जाऊन न आलेली घोंगडी त्याच्याकडे एकही नव्हती, आबांकडची शेवटचीही एव्हाना गेली होती, म्हणजे नवीच विणायला हवी होती. म्हणजे ताणा लावायला हवा होता. चप्पल पायात सरकवून तो तसाच निघाला. मोटारसायकलवर त्याने मनातल्या मनात सगळं जुळवलं. आधी मागणी सांगायची, मग माफी मागायची, मग म्हणायचं, मामा, लावा ताणा.

गेनाप्पा अंगणात बसून बाजेची दोरी ताणत होता. "ये रेवणा," तो म्हणाला, आणि आत हाक मारून पाणी मागवलं. रेवणने वाकून घरात पाहिलं. मागाच्या जागी माग नव्हता. लाकडं सुटी करून भिंतीशी उभी केली होती. जिथे पाय सोडून गेनाप्पा जन्मभर बसला, तो खड्डा भरून वर सारवलेलं होतं, आणि सारवणावर ज्वारीचं पोतं उभं होतं.

"मामा, हे काय?"

"बुजवला," गेनाप्पा म्हणाला. "थोरला म्हणाला, जागा अडून बसलीया."

"पण मला विचारायचं तरी."

"फोन केला व्हता की." गेनाप्पाच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच रेवणला तो ऐकवेना. म्हाताऱ्याने उठून फडताळातून एक गठ्ठा आणून रेवणपुढे ठेवला. गठ्ठा फुटलेला होता. कुणा गिऱ्हाइकाने परत पाठवताना रेवणचा पत्ता घालण्याऐवजी, घोंगडीला अडकवलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता घातला होता. विणकर गेनाप्पा, मुक्काम माळवाडी. आत यंत्रात आटलेली, इस्त्री मारलेली, फुलांच्या वासाची घोंगडी होती, आणि बरोबर कारणाचा कागद.

"नातवाकडनं वाचून घेतलं," गेनाप्पा म्हणाला. "टोचते, वास येतो, आकार वाकडा. टोचते म्हंजे काय, मी काय न टोचणारी कवा इणली व्हती? पर वाकडी न्हवती रे माजी. माज्या हातची वाकडी कवा न्हवती." त्याने घोंगडीची कड बोटांनी सरळ करून पाहिली. ती सरळ झाली नाही. "मग म्या तुज्या घराकडं आलो व्हतो. तू बाहेर गेला व्हतास, घरी कुणी न्हवतं. मागच्या खिडकीतनं खोली दिसली."

रेवण कारणाच्या कागदाची घडी घालत बसला.

"रोज वाटायचं, सांगशील," गेनाप्पा म्हणाला. "माल खपत न्हाई मामा, थांबा, एवढंच बोलला असतास, तर मी थांबलो असतो. बिन पैशाचा बी थांबलो असतो. माल न खपणं ठाव हाय मला. पर तू बोललाच न्हाईस. मला वाटलं, माज्या इणण्यातच काय तरी बिघडलंय, आन् तू लाजंनं सांगत न्हाईस."

रेवणने दापोलीच्या बाईंची मागणी सांगितली. सांगताना त्यालाच कळत होतं की ती किती उशिराची आहे. गेनाप्पाने ऐकून घेतलं. बाईंच्या आजोबांकडे घोंगडी होती, हे ऐकून तो जरासा हसलाही. मग त्याने स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. "एकदा बुजवला खड्डा, की माती बसती रेवणा. आन् आता ह्यो गुडघा पुन्यांदा खाली उतरत न्हाई. उरलीसुरली लोकर बी धाकट्यानं बाजारात इकून टाकली." पाण्याचा तांब्या त्याने रेवणपुढे सारला. "पानी पी. आन् ही घेऊन जा. ही माजी न्हवं."

रेवण पाणी प्यायला. आटलेली घोंगडी खांद्यावर टाकून तो बाहेर आला. फाट्याजवळच्या लिंबाखाली मोटारसायकल उभी करून तो दगडावर बसला, आणि त्याला गुरूचं बोलणं पहिल्यांदा पुरतं कळलं. मायाप्पा नुसत्या गिऱ्हाइकांबद्दल बोलत नव्हता. गिऱ्हाइकांशी रेवण जे वागला, त्याचं भाडं पैशात भरून झालं होतं. गेनाप्पाशी जे वागला, त्याचं भाडं गेनाप्पाने भरलं होतं.

त्याने तिथेच बसून दापोलीला फोन लावला. "बाई, घोंगडी मिळणार नाही," तो म्हणाला. "विणणारा होता, त्याचा माग मोडला. माझ्यामुळे मोडला. तुमचे पैसे आत्ता परत करतो."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, लगेच एवढं कशाला? थांबते म्हणाले असते मी. महिनाभर 'बघतो, सांगतो' म्हणाला असतात, तरी माझी काही तक्रार नव्हती."

"नको बाई," रेवण म्हणाला. "त्याचं भाडं फार पडतं."

फोन ठेवून तो बसून राहिला. फुलांच्या वासाची घोंगडी त्याच्या उघड्या मानेला लागत होती. इतकं करूनही ती टोचायची थांबली नव्हती. त्याने ती काढली नाही.